चुंबकी शिंके आणि चालता कॅन

फ्रिजच्या दारावर लावतात तसा एक साधा चुंबक घ्यावा आणि तो सोड्याच्या थंड कॅनला लावून पाहावा. तो चिकटत नाही. तोच चुंबक काचेच्या बाटलीच्या दातेरी झाकणाला लावला की खटकन बसतो, कारण झाकण पोलादी पत्र्याचे असते आणि आपल्याकडे मिळणारे पेयाचे कॅन बहुतेक सगळे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. चुंबकाच्या साहाय्याने कॅन धरून ठेवण्याची कोणतीही करामत करायला बसण्यापूर्वी ही गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी. चुंबक कॅनला धरणार नाही, कॅन ज्यात ठेवायचा त्या घराला तो धरील, आणि आपले सगळे काम ते घर घडवण्याचे आहे.

ही परिस्थिती पूर्वीपासून अशी नव्हती. १९३५ साली अमेरिकेत कॅनमधली बिअर पहिल्यांदा विक्रीला आली, तेव्हा ते डबे पोलादाचे होते आणि चुंबक त्यांना सरळ चिकटला असता. १९५९ साली तिथल्याच कूर्स कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचा कॅन आणला आणि पुढच्या काही दशकांत तोच सर्वत्र रूढ झाला. आज ३३० मिलीचा रिकामा कॅन जेमतेम १५ ग्रॅमचा असतो. इतक्या हलक्या भांड्यात इतके पेय मावते हे मला अजूनही नवलाचे वाटते.

अ‍ॅल्युमिनियमवर चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. रिकाम्या कॅनच्या वरच्या कडीला दोरा बांधून तो हवेत टांगावा आणि एक बलवान चुंबक त्याला स्पर्श न करता तळाखाली गोलगोल फिरवत राहावा. थोड्या वेळाने कॅनही त्याच दिशेने फिरू लागतो. हलत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरे तेवढ्यापुरते चुंबकासारखे वागतात. फिरत्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबकसूची ओढली जाते, हे १८२४ साली आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाहिले आणि पुढे फॅरडेने त्याचे कारण उलगडून दाखवले. मुलांना दाखवण्यासाठी हा प्रयोग फार चांगला आहे. परंतु चुंबक थांबला की ती ओढही संपते, त्यामुळे कॅन धरून ठेवण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

चुंबक कोणता घ्यावा

सहज मिळणारे चुंबक दोन जातींचे असतात. जुन्या स्पीकरच्या पाठीला जे काळे, जड कडे असते तो फेराइटचा चुंबक. चांदीसारखा चकाकणारा, आकाराने लहान पण ताकदीने कितीतरी मोठा तो निओडिमियमचा. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांपासून होणारा हा चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधला. त्याच्या प्रतींना एन ३५, एन ४२, एन ५२ अशी नावे असतात. आकडा जेवढा मोठा तेवढी त्याच आकारमानाच्या चुंबकाची ताकद जास्त. आपल्या कामाला एन ४२ पुरेसा आहे.

गोव्यात राहणाऱ्याने मात्र आकड्यापेक्षा चुंबकावरच्या मुलाम्याकडे अधिक लक्ष द्यावे. निओडिमियमच्या चुंबकात लोखंडाचा वाटा मोठा असतो आणि त्याला गंजापासून वाचवणारा निकेलचा थर केसाहूनही पातळ असतो. मी एका जून महिन्यात चार चुंबक आमच्या फोंड्याच्या घराच्या खिडकीत तसेच उघडे ठेवले होते. चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, त्यांच्या कडांना फोड आले, निकेलचे पापुद्रे सुटू लागले आणि आतून करडी भुकटी झडू लागली. फोंडा समुद्रापासून आत आहे, तरीही आपल्या पावसाळी हवेने ही गत केली. कळंगुटला किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर खारा वारा याहून लवकर काम करील. त्यामुळे रबराचे आवरण असलेले चुंबक मिळाले तर तेच घ्यावेत, नाही तर प्रत्येक चुंबकावर दोन भागांच्या एपॉक्सीचा पातळ हात देऊन तो पूर्ण मढवून घ्यावा. फेराइटला ही काळजी लागत नाही. गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, आणि फेराइट मुळातच ऑक्साइड असल्यामुळे त्याला आणखी गंजायचे काही उरत नाही.

शक्य असेल तेव्हा पोलादी वाटीत बसवलेला आणि मधोमध स्क्रूसाठी भोक असलेला चुंबक घ्यावा. वाटीमुळे चुंबकाची मागच्या बाजूची ताकदही पुढच्या तोंडाकडे वळते, आणि स्क्रूमुळे तो गोंदाच्या भरवशावर राहत नाही. भोक नसलेल्या चुंबकाला ड्रिलने भोक पाडायला कधीही जाऊ नये. तो काचेसारखा तडकतो आणि त्याची भुकटी पेट घेऊ शकते. निखाऱ्याजवळ, शेगडीशेजारी किंवा उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तो ठेवू नये; साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली ताकद कायमची गमावू लागतो.

सावधगिरीचे दोन शब्द इथेच सांगतो, कारण पुढे कामाच्या भरात ते राहून जातात. असे दोन चुंबक लहान मुलाने गिळले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मधोमध चिमटून भोक पाडू शकतात. म्हणून लहान मुलांच्या घरात सुटे चुंबक ठेवूच नयेत आणि शंका आली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे चुंबक निदान एक वीत दूर ठेवावेत आणि पुढे येणारी अंगावरची करामत करूच नये. होडी किंवा ट्रॉलर असणाऱ्यांनी होकायंत्राच्या आसपास यांतले काहीही लावू नये, कारण एवढासा चुंबक दिशा चुकवायला पुरेसा आहे.

ओढ वेगळी आणि घसरण वेगळी

चुंबकाच्या वेष्टनावर जो किलोचा आकडा छापलेला असतो तो जाड, सपाट, रंग न दिलेल्या लोखंडापासून चुंबक सरळ मागे ओढून काढण्यासाठी लागणाऱ्या बलाचा असतो. आपण कॅन उभ्या पत्र्यावर लावतो तेव्हा वजन चुंबकाला मागे ओढत नाही, खाली घसरवते, आणि घसरण रोखण्याचे काम चुंबकाकडे नसून चुंबक व पत्रा यांच्यातल्या घर्षणाकडे असते. गुळगुळीत निकेल आणि रंगवलेला पत्रा यांच्यात हे बल सरळ ओढीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकेच भरते.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. २० मिमी व्यासाचा आणि ५ मिमी जाडीचा एन ४२ चुंबक जाड लोखंडावर ६ किलोच्या आसपास ओढ देतो. फ्रिजच्या दाराचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला असतो. एवढ्या पातळ पत्र्यात चुंबकाची सगळी ताकद मावत नाही आणि ओढ एक तृतीयांशावर, म्हणजे २ किलोवर, येऊ शकते. तिचा पाचवा हिस्सा ४०० ग्रॅम. आता ५०० मिलीचा भरलेला कॅन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याच्या घराचे सत्तर-ऐंशी ग्रॅम वेगळे. वेष्टनावर ६ किलो वाचून निर्धास्त झालेल्या माणसाचा कॅन फ्रिजच्या दारावरून सावकाश घसरत खाली का येतो, ते यावरून कळते. माझा पहिला कॅन असाच घसरत जाऊन जमिनीवर फुटला, आणि कोकम सोड्याचे डाग फरशीच्या सांध्यांतून काढायला दोन दिवस लागले.

यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे घर्षण वाढवणे: चुंबकाच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा चिकटवावा. रबराच्या जाडीमुळे ओढ थोडी घटते, पण घसरणीला होणारा अडथळा त्या मानाने पुष्कळ वाढतो. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. उभ्या पत्र्याचा नाद सोडून कॅन आडव्या लोखंडाखाली टांगावा, म्हणजे वजन सरळ ओढीच्या दिशेने येते आणि चुंबकाची पूर्ण ताकद कामी लागते. त्या उपायाचे नाव आपल्या आजीला ठाऊक होते.

शिंके

दह्यालोण्याची भांडी मांजराच्या आणि मुंग्यांच्या वाटेतून दूर ठेवण्यासाठी जुन्या स्वयंपाकघरांत आढ्याला शिंके टांगलेले असे. आपल्याला त्याचेच लहान रूप करायचे आहे. फरक एवढाच की आढ्याच्या खुंटीऐवजी वर चुंबक असेल आणि शिंके हवे तिथून काढून हवे तिथे लावता येईल. जुन्या कौलारू घरांचे वासे लाकडी, त्यांना चुंबकाचा उपयोग नाही. पण पावसाची झड अडवण्यासाठी अंगणावर किंवा गच्चीवर पत्र्याची शेड आता घरोघरी असते आणि तिचा सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपांचा असतो. त्या पाइपाची खालची सपाट बाजू ही आपली जागा. तिचा पत्रा दोन-तीन मिलिमीटर जाड असतो, म्हणजे फ्रिजच्या दारापेक्षा कितीतरी भरवशाचा.

एक मध्यम नारळाची अर्धी करवंटी घ्यावी, जिचे तोंड आतून ९ सेंटिमीटरच्या आसपास आणि खोली साडेतीन-चार सेंटिमीटर असेल. डोळे असलेला अर्धा भाग घेऊ नये, कारण त्याचा एक डोळा मऊ असतो. करवंटी आतून चमच्याने खरवडावी, बाहेरचे केस चाकूच्या पाठीने काढावेत आणि आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने ती घासून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटे घासल्यावर तपकिरी रंगाखालून काळसर चमक येते आणि हाताला ती मेणासारखी लागू लागते. मग तिच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवावी.

काठापासून ८ मिमी खाली, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, ३ मिमीची तीन भोके पाडावीत. अंतर सारखे येण्यासाठी काठाच्या घेराइतकी कागदाची पट्टी कापून घडी घालून तिचे तीन सारखे भाग करावेत. ड्रिल हळू चालवावे आणि आतून लाकडाचा ठोकळा धरावा, नाही तर भोक पडता पडता करवंटीचा टवका उडतो. तळाशी मधोमध आणखी एक बारीक भोक असू द्यावे, कारण आपल्या दमट हवेत थंड कॅनवर बाष्प धरते आणि त्याचे पाणी करवंटीत साचते. हे शेवटचे भोक मी सुरुवातीला पाडले नव्हते, आणि कॅन उचलताना साचलेले पाणी दर वेळी शर्टावर सांडत असे.

तिन्ही भोकांतून सुती दोऱ्या ओवून आतल्या बाजूने गाठी माराव्यात आणि वर तिन्ही एकत्र बांधाव्यात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला बारीक सुंभ दिसायला अधिक शोभतो, मात्र तो ओला झाला की आखडतो आणि गाठींची पातळी बिघडते. म्हणून मी हल्ली सुती दोरीच वापरतो. दोरीची लांबी इथे महत्त्वाची आहे. ३३० मिलीच्या, म्हणजे ६६ मिमी व्यासाच्या आणि साधारण ११५ मिमी उंचीच्या कॅनला करवंटीच्या काठापासून वरच्या गाठीपर्यंत ४० सेंटिमीटर दोरी ठेवली की वर जाता जाता तिन्ही दोऱ्या कॅनच्या अंगाजवळून जातात आणि त्याला कलू देत नाहीत. ५०० मिलीचा कॅन तेवढ्याच व्यासाचा पण सुमारे १६८ मिमी उंच असतो. त्याच्यासाठी हीच दोरी ६० सेंटिमीटर करावी, नाही तर दोऱ्या कॅनच्या वरच्या काठावर दाबून बसतात आणि तो आत घालता येत नाही.

वरची गाठ चुंबकाच्या आकड्यात अडकवावी. पोलादी वाटीतला, खाली आकडा असलेला चुंबक तयार मिळतो; तो नसेल तर भोकाच्या चुंबकात तळाकडून डोळ्याचा बोल्ट घालून नट आवळावा. ताकद ठरवताना कॅनच्या वजनाच्या हिशोबाने न जाता सुरक्षेच्या हिशोबाने जावे. शिंके रिकामे टांगून त्यात आधी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, मग दोन, पिशवीत घालून अडकवाव्यात आणि दोन किलोचा हा भार रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी चुंबक जागच्या जागी असेल तर अर्ध्या किलोचा कॅन तो निश्चित धरील. पाइपावर रंगाचे चार-पाच हात चढलेले असतील किंवा गंजाचे पोपडे असतील तर चुंबक आणि लोखंड यांच्यात फट राहते, आणि फटीत चुंबकाची ताकद फार झपाट्याने कमी होते. अशा ठिकाणी रुपयाएवढी जागा घासून, एकच पातळ हात रंगाचा देऊन घ्यावी.

या शिंक्याचा एक गुण वापरल्याशिवाय कळत नाही. त्याला धक्का लागून ते झोके घेऊ लागले तरी उघड्या कॅनमधले पेय सांडत नाही, कारण झोक्याबरोबर कॅनही दोरीच्या रेषेत कलतो आणि आतल्या द्रवाचा पृष्ठभाग कॅनच्या तोंडाशी जवळपास समांतरच राहतो. बाजारात चहाचे पेले तारेच्या स्टँडमध्ये घालून झपाझप चालणाऱ्या पोराच्या हातून चहा सांडत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. रायबंदरहून चोडणला जाताना मी हे शिंके फेरीबोटीच्या लोखंडी कठड्याला लावून पाहिले. सपाट पट्टीवर ते नीट राहिले. गोल नळीवर मात्र सपाट चुंबक एका रेषेतच टेकतो, आणि इंजिनाच्या थरथरीने तो दोन मिनिटांत सरकू लागला. गोल नळीला हा प्रकार लावूच नये.

गजावरचा पेला

ज्यांच्याकडे आडवे लोखंड नाही त्यांना खिडकीच्या ग्रिलवरच लावायचे असते. लावण्याआधी ग्रिलला चुंबक लावून पाहावा. मी ग्रिल करून घेताना गंज नको म्हणून स्टेनलेसची मागितली होती, चुंबक आणला तेव्हा आमचा फॅब्रिकेटर हसून म्हणाला, “दादा, ही तीनशे चार नंबरची. हिला काय चिकटणार?” त्याचे खरे होते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास धरतच नाही, ४३० प्रतीच्या स्टेनलेसला धरतो.

पेल्यासाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप योग्य आहे. त्याचा बाहेरचा व्यास ७५ मिमी आणि आतला ७० मिमीच्या आसपास असतो, म्हणजे ६६ मिमीच्या कॅनभोवती दोन मिलिमीटरची जागा उरते. ती पातळ फोमने भरली की कॅन खडखडत नाही आणि थंडही अधिक वेळ राहतो. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याच्या तळाशी दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात; तळ पूर्ण बंद करू नये. २५० मिलीचे बारीक कॅन ५३ मिमीचे असतात, त्यांना हाच पेला जाड फोम लावून चालतो.

चुंबक कुठे लावायचे, हे इथे खरे महत्त्वाचे आहे. कॅनचे वजन गजापासून चार सेंटिमीटर पुढे असते, त्यामुळे पेला खालच्या कडेवर टेकून वरून उचकटू पाहतो. म्हणून दोन्ही बलवान चुंबक पेल्याच्या वरच्या भागात बसवावेत आणि खाली तेवढ्याच जाडीचा रबराचा तुकडा टेकू म्हणून लावावा. अनेकजण चुंबक मधोमध लावतात आणि पेला पुढे झुकला की चुंबकालाच कमकुवत ठरवतात. गजाच्या आडव्या पट्टीवर पेल्याचा एखादा ओठ टेकवता आला तर घसरणीचा प्रश्नच मिटतो. मग चुंबकाने केवळ मागे धरून ठेवायचे.

अंगावरचा कॅन

दिवाळीला नरकासुराचा पुतळा बांधणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या मुलांसाठी मी एक प्रकार केला होता. दोन्ही हात कागदाच्या लगद्यात आणि खळीत माखलेले असताना कॅन ठेवायला जागा नसते, म्हणून जाड कापडाच्या एप्रनला आतून एक लोखंडी चकती आणि बाहेरून पेल्यावरचा चुंबक, असे दोघांनी मिळून कापड मधे चिमटायचे. चकती पाच सेंटिमीटर व्यासाची असावी, नाही तर सगळे वजन एका ठिकाणी येऊन कापड लोंबते. एप्रनची नाडी गळ्यात न घेता खांद्यांवरून पाठीवर फुली करून बांधावी. हा प्रकार उभ्याने काम करणाऱ्यापुरताच ठीक आहे. वाकले की पेय सांडते. दुचाकीवर बसताना तर असे काही अंगाला किंवा हँडलला लावूच नये, आणि कॅनमध्ये बिअर असेल तर ती घरातच प्यावी; गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान केल्यास दंड होतो.

चालता कॅन

आता ज्या करामतीसाठी आमच्या घरी पाहुण्यांची मुले पुन्हा पुन्हा येतात ती. पडवीत जुना कॅरम बोर्ड मांडलेला असतो, यजमान एका बाजूला बसतो, पाहुणा समोर, आणि यजमानाने हात न लावता लिंबू सोड्याचा कॅन बोर्डावरून सरकत सरकत पाहुण्यापर्यंत जातो.

बोर्ड चार ते सहा मिलिमीटरच्या प्लायचा असावा. स्पर्धांत वापरतात तो जाड बोर्ड इथे कामाचा नाही, कारण वरचा आणि खालचा चुंबक यांच्यातले अंतर वाढले की ओढ पुष्कळ खाली येते. फणसाच्या किंवा सागाच्या जाड फळीच्या मेजावरही हे साधत नाही. बोर्ड चार कोपऱ्यांवर स्टुलांवर ठेवावा, म्हणजे खालून हात मोकळा फिरतो. खाली आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतील तर त्यांनी आखलेल्या चौकटीतच कॅन फिरवावा लागेल.

कॅनसाठी एक बशी करावी. नऊ सेंटिमीटर व्यासाची प्लायची चकती घेऊन तिच्या खालच्या बाजूला मधोमध चुंबकाच्या मापाचा खळगा कोरावा आणि त्यात ३० मिमी व्यासाचा निओडिमियम चुंबक एपॉक्सीने असा बसवावा की तो पृष्ठभागाच्या किंचित आत राहील. वरून पूर्ण तळाला लोकरी फेल्ट चिकटवावे. चकतीच्या वरच्या कडेला सायकल ट्यूबची एक सेंटिमीटर उंच पट्टी गोल चिकटवून काठ करावा. हा काठ शोभेसाठी नाही. कॅनवरून ओघळणारे पाणी बोर्डावर गेले की बोरिक पावडरचा चिखल होतो, बशी अडते आणि प्लाय फुगतो.

खालच्या हातासाठी रंगाऱ्याच्या जुन्या ब्रशची मूठ घ्यावी आणि तिच्या टोकाला तेवढाच चुंबक वाटीसकट स्क्रूने बसवावा. दोन्ही चुंबकांची तोंडे एकमेकांना ओढणारी हवीत. चिकटवण्यापूर्वी ती तपासून पेनाने खूण करून ठेवावी, कारण एपॉक्सी वाळल्यावर चूक लक्षात आली तर सगळे फोडावे लागते. माझी पहिली बशी पाहुण्यापासून दूर पळत असे. मुलांना तीही आवडली, म्हणून मी ती ठेवून दिली.

आता चालवण्याची रीत. बोर्डावर नेहमीची पावडर चिमूटभर पसरावी आणि ती कोरड्या फडक्याने सगळीकडे सारखी करावी. बशी रिकामीच ठेवून खालून मूठ लावावी. चुंबकाने चुंबक ओळखला की मूठ हातात किंचित वर ओढली जाते आणि बशी जराशी दबून बसते. मूठ अंगठ्याएवढ्या अंतराने पुढे न्यावी. बशी क्षणभर जागीच थांबते आणि मग एकदम मागोमाग येते. हा क्षणभराचा अडखळा म्हणजे फेल्टचे घर्षण, आणि तोच कॅन सांडण्याचे कारण ठरतो. म्हणून सुरुवात अगदी सावकाश करावी, बशी एकदा हलली की वेग सारखा ठेवावा आणि थांबतानाही हळूहळू थांबावे. रिकाम्या बशीवर हात बसला की न उघडलेला भरलेला कॅन ठेवून सराव करावा, आणि तो दहा वेळा सरळ पलीकडे गेला की मगच उघडलेला ठेवावा. उघडलेल्या कॅनमधले एक-दोन घोट आधी पिऊन घ्यावेत.

कॅन मधेच सुटून मागे राहिला तर मूठ मागे आणून तो पुन्हा पकडता येतो. पाहुण्याला ते कळतही नाही. वारंवार सुटत असेल तर बहुधा वजन जास्त आहे किंवा फेल्ट ओले झाले आहे. ५०० मिलीच्या कॅनला ही बशी पुरत नाही. त्याच्यासाठी मी तीन चुंबक त्रिकोणात बसवून पाहिले आणि मुठीलाही तसेच तीन लावले, तेव्हा तो चालला, एवढेच नव्हे तर मूठ फिरवली की कॅन स्वतःभोवती गिरकीही घेऊ लागला. मात्र तिन्ही जोड्या अचूक जुळवाव्या लागतात आणि बोर्डाखाली हात लवकर दुखतो. ३३० मिलीचा एकचुंबकी प्रकार घरासाठी पुरेसा आहे.

खेळ झाल्यावर बशी आणि मूठ एकमेकांजवळ ठेवू नयेत. झेप घेऊन ती आदळली की चुंबकाच्या कडेचा टवका उडतो, आणि मधे बोट आले तर कातडी चिमटून रक्त साकळते. दोन चुंबक चिकटलेच तर ते सरळ ओढून सुटत नाहीत. मेजाच्या कडेवर ठेवून एकाला बाजूला सरकवले की सुटतात, कारण घसरण ओढीपेक्षा सोपी असते. पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस, सगळे चुंबक कोरड्या फडक्याने पुसून त्यांच्यावर व्हॅसलिनचा पुसट हात द्यावा, दोघांच्या मधे लाकडाची बोटभर जाड चिपटी घालावी आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी घालून फडताळात वर ठेवावेत. चवथीला पाहुणे यायच्या आठवडाभर आधी डबा उघडून कडा तपासाव्यात; जिथे फोड दिसेल तो चुंबक काढून टाकून त्याच मापाचा दुसरा बसवावा.